तांब्याची नळी

रायपुरात ‘पारा’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. छत्तीसगढीत पारा म्हणजे मोहल्ला. तात्यापारा, ब्राह्मणपारा, बैजनाथपारा ही जुन्या वस्त्यांची नावे त्यातूनच आली. दुसरा पारा काचेच्या नळीतला. मे महिन्यात हा दुसरा पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास घुटमळू लागला, की पहिल्या पाऱ्यातले रस्ते दुपारी ओस पडतात. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो, नवतपा सुरू होतो आणि नऊ दिवस माणसे सावलीच्या हिशेबाने जगतात. नागपूरकडून इकडे आलेल्या आमच्या घराच्या तीन पिढ्या या दोन पाऱ्यांच्या मधोमध गेल्या. नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी असताना आजोबा आले; १९५६ साली प्रांत बदलला, २००० साली १ नोव्हेंबरला रायपूर स्वतःच राजधानी झाले; उन्हाळा मात्र होता तसाच राहिला.

त्याच्याशी झुंजण्याचे उपायही पिढीगणिक बदलत गेले. आजोबांच्या काळी दारा-खिडक्यांना वाळ्याचे ताटे लागत आणि त्यांवर पाणी शिंपडण्याचे काम मुलांकडे असे. शेजारच्या छत्तीसगढी घरांत रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांद्याबरोबर ‘बासी’ म्हणून खाल्ला जाई. आमच्या मराठी स्वयंपाकघरानेही तो कधीच आपला केला होता. पुढे पत्र्याचे कूलर आले. पाण्याची वाफ होताना ती भोवतालची उष्णता ओढून घेते, या एकाच तत्त्वावर ताटे आणि कूलर दोन्ही चालतात. म्हणून हवा कोरडी आहे तोवर त्यांचे राज्य. जूनमध्ये ढग दाटून हवेत ओल आली, की कूलर नुसता दमट वारा फेकू लागतो. आईने नव्वदी ओलांडली आणि तिच्या हृदयाला तो दमट उकाडा झेपेनासा झाला, तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने तिच्या खोलीत वातानुकूलन यंत्र बसवायचे ठरले. त्या निमित्ताने मी चार दिवस एका तरुण कारागिराचे काम पाहत बसलो. निवृत्त माणसाला तेवढी सवड असते.

आपण म्हणतो, यंत्र थंडी देते. वास्तविक ते काहीच देत नाही. खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकते. उष्णतेचा हा हमाल म्हणजे नळीतला शीतक वायू. आतल्या पेटीत तो उकळतो आणि खोलीची उष्णता पोटात घेतो. बाहेरच्या पेटीत संपीडक त्याला दाबतो आणि तिथे तो ती उष्णता ओकून पुन्हा द्रव होतो. या क्षमतेचे मापही मोठे गमतीचे आहे. ‘दीड टनाचे यंत्र’ म्हणताना आपण यंत्राचे वजन सांगत नसतो. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता वाहून नेण्याची शक्ती म्हणजे एक टन. अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांतून कापलेला बर्फ १८३३ साली बोस्टनहून जहाजाने कलकत्त्याला आला होता. त्या बर्फाच्या व्यापाराची आठवण आपण नकळत अजून उच्चारतो.

दोन पेट्या कारखान्यात तयार होतात, तपासल्या जातात, मोहोरबंद होऊन येतात. त्यांना जोडणारी वाट तेवढी घरोघरी, भिंत पाहून, हाताने घडवावी लागते. यंत्राचे आयुष्य आणि घरातल्यांची सुरक्षितता पुष्कळशी या वाटेवर अवलंबून असते, हे मला त्या चार दिवसांत कळले. वाट तांब्याची असते. द्रव नेणारी नळी पाव इंची, वायू परत आणणारी अर्धा इंची. तांबे हे आपल्या देवघराचे आणि न्हाणीघराचे ओळखीचे धातुद्रव्य. पुण्याच्या तांबट आळीत त्याच्यावर ठोके पडत आले आहेत. आमच्यापासून फार दूर नसलेल्या बालाघाट जिल्ह्यात, मलाजखंड येथे, त्याची विस्तीर्ण खाण आहे. तांबे ठोकले किंवा पुन्हा पुन्हा वाकवले, की कठीण होऊन तडकते. तापवले, की पुन्हा मऊ होते. तांबटाला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. आमचा कारागीरही नळी वाकवताना तिच्यावर स्प्रिंग चढवून, मोठा गोलावा ठेवून, एकदाच वाकवी. चुकून चिमटली तर तेवढा तुकडा कापून टाकावा, सरळ करू पाहू नये, असे तो म्हणे.

मुलगा धमतरीकडचा. आयटीआयमधून प्रशीतन आणि वातानुकूलनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून आलेला. मला ‘बाबूजी’ म्हणे आणि आईला ‘दाई’. छत्तीसगढीत दाई म्हणजे आई. आईला मात्र मराठी अर्थ आठवून प्रत्येक वेळी हसू येई. तिच्या खोलीत शिरताच त्याने आधी विचारले, दिवा कुठे लावता? नव्या यंत्रांत आर-३२ नावाचा वायू असतो. तो सौम्य ज्वलनशील आहे आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला तर जमिनीलगत साचतो. थोड्याशा गळतीने भडका उडत नाही. पण ज्वाळेच्या संगतीत त्याचे विघटन होऊन विषारी, दाहक आम्ल तयार होते. म्हणून आईचे निरांजन दुसऱ्या खोलीत गेले, आणि नळीचा एकही नवा सांधा खोलीत किंवा भिंतीच्या पोटात राहणार नाही, अशी वाट त्याने आखली. भिंतीतले भोक त्याने बाहेरच्या बाजूस किंचित उतरते पाडले, म्हणजे पावसाचे पाणी आत येणार नाही.

नळी त्याने करवतीने कापली नाही. चाकाच्या कटरने हळूहळू फिरवून कापली. मग कापलेले तोंड खाली धरून आतली कड खरवडली, म्हणजे तांब्याचा कीस नळीत न पडता जमिनीवर पडेल. नट आधी नळीत ओवला आणि मगच तिचे तोंड कर्ण्यासारखे फुलवले. फुललेल्या कडेवर एक ओरखडा दिसला, तेव्हा ते तोंड कापून दुसरे केले. नट आवळताना दोन पाने आणि तिसरा मापाचा पाना: पाव इंची नळीला साधारण १४ ते १८ न्यूटन-मीटर एवढाच जोर. कमी पडला तर गळती, जास्त झाला तर तांबे फाटते. काम थांबले, की दोन्ही नळ्यांच्या तोंडांना टोप्या. धूळ, ओल आणि मुंगी यांना तो सारखेच शत्रू मानी.

यंत्राबरोबर आलेली नळी दहा फुटांची होती आणि जुन्या घराच्या रचनेमुळे अंतर भरले अठ्ठावीस फूट. तेव्हा गच्चीवर, मोकळ्या हवेत, डाखाने सांधा करणे प्राप्त झाले. त्यासाठी गॅस आणि ऑक्सिजनची टाकी तो घेऊन आला होता. मात्र दुकानातली नायट्रोजनची टाकी ऐन हंगामात दुसऱ्या कामावर गेली होती. नायट्रोजन दोन कारणांसाठी लागतो. तापलेल्या तांब्याला आतून हवा लागली, की काळी खपली धरते आणि ती पुढे सुटून यंत्राच्या बारीक वाटा बुजवते. म्हणून डाख देताना नळीतून मंद नायट्रोजन वाहता ठेवतात. शिवाय सांधा पक्का आहे की नाही, हे त्याच्याच दाबाने तपासतात. दुकानदाराचा फोन आला, काम आजच उरका. माझे वडीलबंधूही अस्वस्थ होते. आईला रात्रभर झोप नव्हती; ओला पंचा कपाळावर ठेवून आम्ही आळीपाळीने जागत होतो. दादांनी समोरच्या टाकीकडे बोट दाखवून विचारले, “दाबच हवा ना? हा काय कमी आहे?”

मुलगा उठून उभा राहिला. “बडे बाबूजी,” तो म्हणाला, “यात तेलाचा एक थेंब जरी असला, तर हा बॉम्ब आहे.” दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन आणि संपीडकाचे तेल एकत्र आले, की ठिणगीवाचूनही स्फोट होऊ शकतो. म्हणूनच जगभरच्या नियमांत ऑक्सिजनने दाब तपासण्यास सक्त मनाई आहे. तरीही धोका असा, की डाखकामाच्या जागी तीच टाकी हाताशी उभी असते. त्याने अवजारे आवरली. त्या दोन दिवसांत त्याची आणखी कामे बुडाली, दुकानदाराचे चार शब्द ऐकावे लागले, आणि आईच्या दोन रात्री उकाड्यात गेल्या. दादा त्याच्याशी नीट बोलले नाहीत. मलाही तेव्हा आईच्या श्वासापलीकडे काही दिसत नव्हते. तरी त्याला थांबवणारी गोष्ट भीती नव्हती एवढे मला जाणवले. कारण त्याच सकाळी तो गच्चीच्या कठड्याबाहेर, कमरेला दोर बांधून, तापल्या लोखंडी चौकटीवर निवांतपणे खिळे मारत होता.

तिसऱ्या दिवशी नायट्रोजन आला. सांधा झाला, दाब भरला, साबणाच्या फेसाने प्रत्येक जोड न्याहाळला आणि काटा रात्रभर तसाच ठेवला. सकाळी काटा खाली आलेला पाहून दादांचा चेहरा उतरला. मुलाने कागद घेतला. दुपारी बेचाळीस अंशांना चाळीस बार असलेला वायू पहाटे तीस अंशांना सुमारे दीड बाराने उतरणारच. उतार तेवढाच होता. गळती नव्हती, रात्रीचा गारवा होता. शाळेत घोकलेला वायूंचा नियम मी प्रथमच कोणाला घरातल्या कामासाठी वापरताना पाहिला.

मग निर्वात. वातावरणाचा दाब ७६० मिलिमीटर पाऱ्याइतका. पंपाने तो नळीत अर्ध्या मिलिमीटरपर्यंत उतरवायचा. एवढ्या कमी दाबाला पाणी उणे वीस अंशांखालीही वाफ होऊन निघून जाते, म्हणजे नळीतली ओलही सुटते. ती राहिली तर नव्या यंत्रांतले तेल आम्लयुक्त होऊन संपीडकाला आतून खाते. पंप थांबवून झडप बंद केल्यावर तो काट्याकडे पाहत बसला. काटा थोडा चढून थांबला तर ओल शिल्लक आहे; चढतच राहिला तर गळती आहे; स्थिर राहिला तर वाट निर्मळ झाली. घाईत असलेले कारागीर ही पायरी गाळतात आणि यंत्रातलाच थोडा वायू सोडून हवा हुसकावून लावतात. ओल आत राहते ती राहतेच, आणि वायू आकाशात जातो.

त्या आकाशाचीही एक कथा आहे. जुन्या शीतकयंत्रांत अमोनिया आणि सल्फर डायऑक्साइड असत. गळतीने माणसे दगावत. १९२८ मध्ये टॉमस मिज्ली यांनी अमेरिकेत क्लोरोफ्लुओरोकार्बनचा पर्याय शोधला. १९३० मध्ये त्यांनी तो वायू भरसभेत छातीत ओढून घेतला आणि फुंकरीने मेणबत्ती विझवली: विषारी नाही, जळत नाही. घरापुरते ते खरे होते. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवून दिले, की हाच निरुपद्रवी वायू वर जाऊन ओझोनचे कवच पोखरतो. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. पुढे पृथ्वी तापवणाऱ्या वायूंकडे लक्ष गेले. जुन्या आर-२२ ची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १८०० पट, आर-३२ ची ६७५ पट. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करायचे ठरले आणि २०२१ मध्ये भारताने तिला मान्यता दिली. आकाशाला कमी घातक म्हणून घरात किंचित ज्वालाग्राही वायू आला, आणि त्याची जोखीम गच्चीवरच्या या मुलाच्या हातावर येऊन ठेपली. २०१९ च्या भारत शीतलन कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले, त्याचे महत्त्व मला त्या काट्याकडे पाहताना समजले. करार दूरच्या नगरांत होतात. ते पाळले जातात ते नटाच्या शेवटच्या आट्यात.

वाढीव नळीपुरता वायू त्याने वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजून भरला. दोन्ही नळ्यांना वेगवेगळे फेसाळ रबराचे आवरण चढवले, त्यावर उन्हाला टिकणारी पट्टी गुंडाळली, आणि चार दिवसांचे सगळे काम त्या पांढऱ्या पट्टीखाली दिसेनासे झाले. खोली गार झाली. आई त्या रात्री झोपली. बाहेरची पेटी मात्र तिच्या खोलीतली उष्णता गल्लीत सोडीत राहिली. त्या गल्लीतून तो मुलगा सायकलवर अवजारांची पिशवी अडकवून आपल्या पत्र्याच्या खोलीकडे गेला. तिथे कूलर आहे, असे त्याने एकदा सांगितले होते.

दुकानाच्या बिलात नळी फुटांवर लावली होती, आवरण फुटांवर, चौकट नगावर, मजुरी एका आकड्यात. निर्वाताची ओळ नव्हती, रात्रभरच्या काट्याची नव्हती, नाकारलेल्या टाकीची तर नव्हतीच. दादांनी बिल दोनदा वाचले आणि दुकानदाराला फोन करून, आईचे पुढचे कोणतेही काम त्याच मुलाने करावे, एवढेच सांगितले.

हल्ली पाऱ्यातले कोणी मला विचारते, यंत्र कोणत्या कंपनीचे घ्यावे? मी म्हणतो, कंपनी कोणतीही घ्या. बसवणारा नायट्रोजन आणि निर्वात-पंप घेऊन येतो का ते विचारा, कठड्याबाहेर जाताना त्याच्या कमरेला दोर आहे का ते पाहा, आणि तो म्हणाला उद्या, तर उद्या येऊ द्या.