भिलारला जाऊन या, पण सवडीने

मंडळी, सुगी आटोपून एखादा दिवस मोकळा मिळाला, की आपण देवाला जातो, नाहीतर लग्नाला. यंदा एक दिवस भिलारसाठी काढा. पाचगणीहून महाबळेश्वरकडे निघालात की थोड्याच अंतरावर हे गाव लागते. लाल मातीचे गादीवाफे, त्यांवर स्ट्रॉबेरी, असे तुमच्याआमच्यासारखेच कष्टकऱ्यांचे गाव. ४ मे २०१७ रोजी ते 'पुस्तकांचे गाव' झाले.

वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना सुचली. पण तिकडे पुस्तकांची दुकाने, आणि इथे पुस्तके राहत्या घरांत! शासनाने पुस्तके आणि कपाटे दिली, गावकऱ्यांनी आपली ओसरी दिली. प्रारंभी २५ ठिकाणी मिळून सुमारे १५ हजार पुस्तके होती. एका घरी कथा, दुसरीकडे संतसाहित्य, तिसरीकडे मुलांची पुस्तके. बाहेर तशी पाटी आणि भिंतीवर चित्रे. वाचायला पैसे पडत नाहीत.

यातली गंमत अशी, की हवे ते वाचायचे तर गावभर पायी हिंडावे लागते. पोरे पुढे पळतात, पाटी वाचून हाका मारतात आणि आपण चढ चढत मागून जातो.

आमच्याबरोबर वहिनी होत्या. चौथीनंतर त्यांची शाळा सुटलेली. पहिल्या दोन घरी त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. "मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही वाचा, मी चपला राखते," म्हणाल्या. तिसऱ्या घरच्या आजींनी त्यांना हाताला धरून आत नेले, पाणी दिले आणि बोलता बोलता स्ट्रॉबेरीचा भाव सांगितला. तेवढ्यात धाकट्या पुतणीने गोष्टीचे पुस्तक आणून आईच्या मांडीवर ठेवले. वहिनी एकेका अक्षराखाली बोट धरून वाचू लागल्या. अडल्या की लेक सांगे. आम्ही मुद्दामच अंगणात रेंगाळलो.

डिसेंबर ते मार्चमध्ये गेलात तर शेतात तोडणीही पाहायला मिळेल. मात्र त्या दिवसांत घरची माणसे कामात असतात, हे ध्यानात ठेवा. घेतलेले पुस्तक जागच्या जागी ठेवा. पावसाळ्यात तिथे धो धो पाऊस आणि दाट धुके असते. लेकराबाळांना घेऊन तेव्हा न गेलेले बरे.

आमची परतीची एस.टी. चुकली. वहिनींची गोष्ट संपायला चार पाने राहिली होती.