हात आधी, काठी मग

आमच्या मुकुटबनात गोल्फ कुठला! पण नातू पुण्याला येरवड्याच्या मैदानावर खेळतो, त्याने सांगितलेली एक गंमत.

चेंडू अलगद भोकात ढकलायची काठी म्हणजे पटर. तिचा दांडा बोटावर आडवा तोलून बघायचा. सपाट तोंड आभाळाकडे राहिलं, तर ती सरळ मागे-पुढे जाणाऱ्या हाताची. टोक खाली झुकलं, तर कमानीत फिरणाऱ्या हाताची. जुळली नाही की तोंड नीट वळत नाही, चेंडू हुकतो आणि बोल लागतो हाताला!

मंडळी, मी डावखुरा. लहानपणी छड्या खाऊन उजव्या हाताने लिहायला शिकलो. स्वतःचं अक्षर आजही परकं वाटतं. मास्तर झाल्यावर मात्र एकाही डावखुऱ्या पोराचा हात बदलू दिला नाही. असो.