ती आता ती नाही

गेले चार महिने एका इंग्रजी कादंबरीचा अनुवाद माझ्या टेबलावर पडून आहे. पहिली पन्नास पानं झरझर झाली आणि मग एका शब्दापाशी गाडं अडलं ते अडलंच. कादंबरी काळोख्या गॉथिक थाटाची. डोंगराच्या कुशीतला पडका वाडा, पिढ्यान्‌पिढ्या शाप भोगणारं घराणं आणि रात्री बागेच्या टोकाशी येऊन उभ्या राहणाऱ्या फेअरी. शापाची अडचण नव्हती. आपल्याकडे शापांना काय तोटा! वाड्याचीही नव्हती. नारायण धारपांनी तो आमच्या पिढीच्या डोक्यात असा बांधून ठेवलाय की दार करकरलं हे वेगळं लिहावं लागत नाही. अडलं ते 'फेअरी'पाशी. शब्दकोश म्हणतो परी. आणि परी म्हटलं की मराठी वाचकाला दिसतो चंदेरी झगा, हातात चांदणी चिकटवलेली छडी आणि स्नेहसंमेलनातली दुसरी 'ब'.

कादंबरीतल्या फेअरींचं मूळ आयर्लंडचं. तिथल्या खेड्यांत त्यांना पंख नव्हते, की त्या बोटभर उंचीच्या नव्हत्या. माणसांएवढ्या, माणसांसारख्या, गाई पाळणाऱ्या, भांडणाऱ्या, जत्रेला जाणाऱ्या. आणि त्यांचं नाव घ्यायचं नाही. म्हणायचं 'भली माणसं'. भली नव्हती म्हणूनच भली म्हणायचं. हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. रात्री सापाला लांबडं म्हणणारे, अंगावर फोड उठवणाऱ्या रोगाला देवी म्हणणारे, दुकान बंद न करता 'वाढवणारे' आपणच.

ही भली माणसं राहत ती मातीच्या गोल कोटांत. खरं पाहता हजारेक वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या घरांभोवतीचे हे बांध. आयर्लंडभर असे ४५,०००च्या आसपास आहेत म्हणतात. इतके टिकले याचं एक कारण असं, की नांगर तिथवर आला की वळसा घेतो. आपल्या देवराईतली पडलेली काटकीसुद्धा कुणी चुलीला आणत नाही, तसंच. १९९९ मध्ये क्लेअर परगण्यात लॅटून गावाजवळ महामार्ग होत होता आणि आखणीच्या वाटेत एक काटेरी झुडूप येत होतं. तिथले कथेकरी एडी लेनिहान यांनी सांगितलं, हे झुडूप भल्या माणसांचं, तोडाल तर रस्त्यावर माणसं मरतील. रस्त्याची आखणी बदलली, झुडूप राहिलं. मला ही गोष्ट आवडते. पण ती गोड आहे, आणि कादंबरी गोड नाही.

शाप आणि फेअरी या दोन गोष्टी आयर्लंडमध्ये मुळात एका घरच्या नव्हेत, हे मला अनुवाद करता करता कळलं. शापित घराणं हे वाड्यातलं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले जमीनदार बहुतेक इंग्रजी वंशाचे, प्रॉटेस्टंट. जमीन दुसऱ्यांची हिसकावलेली आणि कूळ म्हणून राबणारे ते दुसरेच कुंपणापलीकडे उभे. अशा घरातला मुलगा लिहायला बसला की त्याच्या गोष्टीत बंद खोली, वारशाचं पाप, रात्री हलणारी तसबीर येणार नाही तर काय येणार? चार्ल्स मॅट्युरिनची 'मेल्मथ द वाँडरर' १८२०ची, शेरिडन ल फानूची 'अंकल सायलस' १८६४ची आणि ब्रॅम स्टोकरचा 'ड्रॅक्युला' १८९७चा. तिघेही डब्लिनचे, तिघेही प्रॉटेस्टंट. फेअरी मात्र झोपडीतल्या. त्या चुलीपाशी, दूध नासल्यावर, वासरू मेल्यावर, बाळंतीण खंगायला लागल्यावर आठवायच्या. एखाद्या देखण्या बाईला किंवा तान्ह्या पोराला त्या उचलून नेत आणि मागे त्याच चेहऱ्याचं दुसरंच काहीतरी ठेवून जात. पाळण्यावर लोखंडी चिमटा आडवा टाकून ठेवायचा, म्हणजे त्यांची छाया पडत नाही. आमच्या आजीने प्रत्येक बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवला होता. लोखंडाला दोन्हीकडच्या त्या बाया भितात, एवढं खरं.

तर अशीच एक झोपडी. झोपडी म्हणायची ती सवयीने, कारण हे घर नवं होतं, शेतमजुरांसाठी सरकारी योजनेतून बांधलेलं, स्लेटच्या दगडी छपराचं. टिपरेरी परगण्यातलं बॅलिवॅडली. जवळच स्लीव्हनामन, म्हणजे बायकांचा डोंगर. घर भल्या माणसांच्या कोटावर बांधलंय, अशी गावात कुजबुज. घरात ब्रिजेट क्लिअरी, तिचा नवरा मायकल आणि तिचे म्हातारे वडील. मायकल पिंपं बनवायचा. ब्रिजेट विशीतली, दिसायला उजवी, बेताने का होईना शिकलेली, कपडे शिवणारी. तिच्याकडे स्वतःचं शिवणयंत्र होतं, कोंबड्या होत्या, अंड्यांचे पैसे तिच्या हातात येत. लग्नाला सात-आठ वर्षं होऊनही मूल नव्हतं. ही यादी मी उगाच देत नाही. गावगाड्यात राहिलेल्या कुणालाही यातली प्रत्येक गोष्ट डोळ्यांत कशी खुपते ते माहीत आहे.

४ मार्च १८९५ला ती अंडी पोचवायला नात्यातल्या जॅक डनच्या घरी गेली. तिकडेच किलनाग्राना टेकडी, तिच्यावर कोट. थंडी बाधली, डोकं ठणकायला लागलं, ती अंथरुणाला खिळली. डॉक्टरला निरोप गेले, तो यायला १३ तारीख उजाडली. पाद्री येऊन गेला. दरम्यान जॅक डनने तिच्याकडे पाहून म्हटलं, ही ब्रिजी नव्हे. एवढंच. म्हाताऱ्या, गोष्टी सांगणाऱ्या, आदर असलेल्या माणसाने ते वाक्य टाकलं आणि बाकीच्यांनी उचललं.

१४ तारखेच्या रात्री तिच्या पलंगाभोवती जमलेली माणसं परकी नव्हती. नवरा, वडील, वडिलांची बहीण, आत्तेभाऊ, एक आत्तेबहीण, तिची लहान मुलगी. चौघांनी धरलं. वैदूने दिलेला पाला दुधात उकळून तिच्या घशाखाली उतरवला, अंगावर मूत्र शिंपडलं, जाळावर धरलं. आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा: देवाशपथ सांग, तू ब्रिजेट बोलंड, मायकल क्लिअरीची बायको आहेस का? ती हो म्हणत होती. तिचं हो पुरेसं नव्हतं. एखाद्या बाईला स्वतःचं नाव सांगायला लावायचं आणि तिने सांगितलं की पुन्हा विचारायचं, यापुढे कादंबरीतली बागेच्या टोकाची आकृती मला फारच सभ्य वाटते.

दुसऱ्या दिवशी ती उठली, कपडे घालून स्वयंपाकघरात येऊन बसली. शेजारीपाजारी चहाला. बोलता बोलता भल्या माणसांचा विषय निघाला, आणि नवऱ्याच्या संशयाला कंटाळलेली ब्रिजेट म्हणून गेली, की तुझीच आई त्यांच्यात जायची. इथे कादंबरीवाला थांबला असता आणि त्याने घराण्याचा शाप उघडा केला असता: आईकडून मुलाकडे, सासूकडून सुनेकडे. बॅलिवॅडलीत फक्त एका माणसाचा संताप झाला. त्याने तिला पाव आणि जॅमचे तीन घास खायला सांगितले, प्रत्येक घासाआधी नाव. दोन तिने खाल्ले. तिसऱ्याला वेळ लागला. त्याने तिला खाली पाडलं, पेटतं लाकूड तोंडापाशी नेलं, अंगावरच्या कपड्याने पेट घेतला आणि मग त्याने दिव्यातलं तेल ओतलं. ही माझी बायको नाही, आता बघा धुराड्यातून निघून जाईल, असं तो खोलीतल्या लोकांना सांगत होता, हे पुढे कोर्टात आलं.

त्यानंतर तो काही रात्री किलनाग्रानाच्या कोटापाशी काळ्या मुठीची सुरी घेऊन बसला. खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावर बसून बाहेर येणार, तिला बांधलेल्या दोऱ्या आपण कापायच्या, की ती आपली झाली. २२ मार्चला पोलिसांना घरापासून थोड्या अंतरावर, उथळ खड्ड्यात ती सापडली. डोक्याला पोतं गुंडाळलेलं, कानात सोन्याचं डूल.

जुलैमध्ये क्लोनमेलला खटला उभा राहिला. मायकलला सदोष मनुष्यवधासाठी वीस वर्षं. पंधरा भोगून तो १९१०मध्ये सुटला आणि पुढे कॅनडाला गेला. इतरांना कमी-जास्त शिक्षा. आयर्लंडच्या होमरूलला, म्हणजे स्वराज्याला विरोध करणारी वर्तमानपत्रं म्हणाली, बघा, हे राज्य करायला निघालेत. अँजेला बर्क यांनी १९९९मध्ये या प्रकरणावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांच्या पुस्तकानंतर मला मायकल नुसता वेडा किंवा नुसता खुनी म्हणून वाचता येईनासा झाला. भल्या माणसांची गोष्ट ही त्या घराला आयती मिळालेली भाषा होती. बायकोचं पटत नाही, ती ऐकत नाही, मूल होत नाही, पैसे तिचे, आजार हटत नाही, यातलं एकही वाक्य मोठ्याने म्हणता येत नव्हतं. 'ही ती नाही' हे म्हणता येत होतं.

वाचता वाचता मला महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आठवला. त्यासाठी झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्टला पुण्यात खून झाला, त्यानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्याच्या अनुसूचीतली पहिलीच नोंद भूत उतरवण्याच्या नावाखाली केलेल्या छळाची: दोरखंडाने बांधणं, मिरचीची धुरी देणं, तापवलेल्या वस्तूचे चटके, तोंडात मूत्र घालणं. मंत्रालयातल्या कुणी ही यादी करताना बॅलिवॅडली वाचलं असेल असं नाही. वाचायची गरजच नव्हती.

आमच्या कोकणातल्या घरात असं काही झालं नाही. हे आम्ही नेहमी जरा ठासूनच सांगतो. आमच्याकडे फक्त थोरली काकू होती. दुसऱ्या खेपेचं मूल आठव्या दिवशी गेलं, तेव्हापासून ती दुपारची आगरातल्या विहिरीच्या काठावर जाऊन बसायची. विहिरीत साती आसरा आहेत, हे घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक. भर दुपारी तिकडे फिरकायचं नाही, गजरा माळून जायचं नाही. आजीने एक दिवस माजघरात सांगून टाकलं, हिला आसरांनी धरलंय. सात दगडांना हळदकुंकू वाहिलं, हिरव्या बांगड्या दिल्या, सात नारळ दिले. काकूला कुणी हात लावला नाही. तिला पडवीच्या टोकाची खोली दिली, ताट तिथे जायचं आणि विषय निघाला की आई आवाज बारीक करून म्हणायची, "ती आता ती नाही रे." हे एकतीस वर्षं चाललं. आमच्या घराण्याला आसरांचा कोप आहे, असं मी कॉलेजात मित्रांना सांगायचो. थोडा भाव खायलाच.

परवा घर विकायला काढलं म्हणून फडताळं रिकामी करायला गेलो. काकूच्या खोलीत पत्र्याच्या ट्रंकेत लुगडी, एक आरसा आणि खाली सहा वह्या. दुधाचा हिशेब. गड्याने रोज किती आणलं, कोणत्या दिवशी खाडा, कोणत्या महिन्यात भाव वाढला, गाय आटल्यावर शेजारून किती घेतलं. बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर. मे महिन्यात आम्ही सगळी मुंबईहून आलो की आकडा वाढलेला आणि समोर आम्हा पोरांची नावं, कोणाला किती पेले. माझ्यापुढे एके ठिकाणी लिहिलं होतं: साय काढून.

ट्रंकेवर बसूनच मी एका वर्षाच्या बेरजा करून पाहिल्या. बारा महिन्यांच्या. एकही चुकलेली नव्हती.