डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू, मग टिंब

फोनवर संकेतस्थळाचा पत्ता सांगणं हा तेव्हा एक कार्यक्रमच असायचा. ‘मायबोली. हो, आपलीच. पण एमनंतर ए दोनदा हं!’ १९९६ पासून चालत आलेल्या त्या स्थळाला आपलं नाव इंग्रजी स्पेलिंगात बसवून घ्यावं लागलं. पुढे मिसळपाव आलं, तर त्याच्या ‘ळ’चा ‘ल’ झाला. पत्त्यात चालायची ती रोमन सव्वीस अक्षरं, दहा अंक आणि एक आडवी रेघ. अरब, चिनी, रशियन, सगळ्यांनी तेवढ्यातच भागवायचं.

आतला मजकूर तरी कुठे धड दिसायचा? सायबर कॅफेत मराठी पेपर उघडायचा तर आधी त्याचा फॉन्ट उतरवून घ्या. एका पेपरचा फॉन्ट दुसऱ्याला चालत नसे. फॉन्ट नसला की अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी, आणि तासाचे पैसे मात्र चालूच. युनिकोड रुळलं तेव्हा कुठे ती खिचडी गेली.

पत्त्याचं घोडं अडलेलंच होतं. २००३ साली प्युनीकोडची युक्ती निघाली: आपण देवनागरीत लिहायचं, ब्राउझरने आतल्या आत त्याचं रोमन रूप करून पुढे पाठवायचं. २०१० मध्ये इजिप्त, सौदी अरेबिया, अमिराती आणि रशियाला पत्त्याचं शेपूटही आपल्या लिपीत मिळालं. आपलं ‘डॉट भारत’ आलं ऑगस्ट २०१४ मध्ये, मराठी-कोकणीसकट.

आता पत्ता अस्सल मराठीत घेता येतो. पण तो कॉपी करून कुणाला पाठवला, तर पुष्कळदा नुसत्या ‘भारत’चं होतं एक्स, एन, दोन आडव्या रेघा, एच, टू, बी, आर, जे, नाइन, सी. म्हणजे जुनी खिचडी मजकुरातून निघाली ती पत्त्यात येऊन बसली! शिवाय २००३च्या नियमांत अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह गळून पडायचं. ज्या कळफलकावर ‘दऱ्या’तला अर्धा र त्या चिन्हाच्या आधाराने उमटायचा, तिथून लिहिलेल्या डोंगरातल्या दऱ्यांचा पत्त्यात समुद्राचा दर्या होई. २०१० च्या सुधारित नियमांनी त्या चिन्हाला जागा दिली. मराठीपुरती मला हीच दुरुस्ती ‘डॉट भारत’च्या गाजावाजाहून मोठी वाटते. ती करणाऱ्यांना कुणी हार घातल्याचं ऐकिवात नाही.

ईमेलचा पत्ताही देवनागरीत घेता येतो. मात्र एका ऑनलाइन अर्जात तो भरला, तर लाल अक्षरांत उत्तर आलं, ‘ईमेल अवैध’.

हे सगळं मी भाचीला रंगवून सांगितलं. ती म्हणाली, “मामा, पत्ता टाइप कोण करतं आता?” तिने फोन तोंडाशी धरून ठणठणीत मराठीत काहीतरी विचारलं. क्षणात यादी आली. मजकूर सगळा मराठीत. पत्ते मात्र वरपासून खालपर्यंत रोमन.