तेरीज जुळली, पण…

मार्चअखेर जवळ आली की प्रत्येक गिऱ्हाइकाला बाकीचे पत्र धाडण्याचा प्रघात आमच्या सांगलीच्या किराणा पेढीवर आजोबांच्या काळापासून आहे. ‘आमच्या वहीप्रमाणे आपल्या खाती इतकी बाकी निघते, मान्य असल्यास सही करून परत पाठवावे,’ एवढाच त्यातील मजकूर. पूर्वी दिवाणजी ही पत्रे हाताने लिहीत. लिहून झाली की ते नाव आणि रक्कम मोठ्याने वाचीत आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, वहीत खूण करीत. या कामी दोन दिवस सहज मोडत.

दिवाणजी वयोमानाने घरी बसले आणि हे काम मी संगणकावर घेतले. खात्यांची यादी कॅल्कच्या तक्त्यात होतीच. ती लिबरऑफिस रायटरला जोडली आणि पत्रात नाव, गाव व बाकी यांच्या जागी तक्त्यातील फील्ड बसवली. आरंभी अडचणी आल्या. एके ठिकाणी मी कोनी कंसात ‘गाव’ असे हाताने टंकले होते; ते जसेच्या तसे छापून आले. तेव्हा उमगले की फील्ड म्हणजे अक्षरे नव्हेत, तो तक्त्यातील एका स्तंभाशी जोडलेला दुवा आहे. तक्त्याच्या मथळ्यावरून धरून ओढून तो पत्रात आणता येतो. पुढे तक्त्याची फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली, तर दुवाच तुटला. हे सारे निस्तरल्यावर मला थोडा अभिमानही वाटू लागला.

छापण्यापूर्वी बाकीच्या स्तंभाची बेरीज वहीतील येण्याशी ताडून पाहिली. पैशाचाही फरक नव्हता. दीडशे पत्रे एका दुपारी छापली आणि मालाच्या टेम्पोबरोबर गावोगावी रवाना केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरजेच्या पूर्वेकडील एका गावच्या दुकानदार बाई पेढीवर आल्या. यजमान गेल्यानंतर वर्षभर काटकसर करून त्यांनी त्यांची सारी उधारी फेडली होती. त्यांनी पिशवीतून पावत्यांची पुरचुंडी काढून अण्णांपुढे ठेवली आणि त्यावर माझे पत्र ठेवले. पत्रात शहाऐंशी हजार चारशे रुपये बाकी होती. “अण्णा, काही राहिलं असेल तर सांगा. पण हे पत्र मुलानं वाचलं, आणि रात्री तो जेवला नाही,” एवढेच त्या म्हणाल्या.

मी आधी फील्डवर संशय घेतला. ते काढून पुन्हा बसवले. कंट्रोल आणि एफ-नऊ या कळा दाबून मजकुराऐवजी फील्डांची नावे पाहिली. सर्व ठीक होते. पत्राने तक्त्यात जे होते तेच इमानाने उतरवले होते. मग तक्ता वहीशेजारी धरला आणि चूक सापडली. मोठ्या बाक्या वर याव्यात म्हणून आदल्या दिवशी मी तो एकच स्तंभ निवडून क्रम लावला होता. शेजारच्या स्तंभांतही माहिती आहे, निवड वाढवायची का, असे कॅल्कने विचारले होते. मी घाईने ‘नको’ म्हटले. नावे जागच्या जागी राहिली आणि रकमा सरकल्या. बेरीज जुळली यात नवल नव्हते. रकमा त्याच होत्या, फक्त धनी बदलले होते.

अण्णा रागावले नाहीत. म्हणाले, “एकाची रक्कम दुसऱ्याच्या खाती पडली तरी तेरीज जुळते. म्हणून तर दिवाणजी नाव आणि रक्कम एकत्र वाचायचे.” इतकी वर्षे ते वाचन मला म्हाताऱ्यांची सवय वाटत आली होती.

त्या दिवशी सर्व गिऱ्हाइकांना फोन करून पत्रे रद्द केली. तक्ता वहीवरून नव्याने भरला. त्या बाईंकडे मात्र अण्णा मला घेऊन स्वतः गेले. मुलाला समोर बसवून माझ्याकडून चूक सांगवली आणि ‘बाकी काही नाही’ असे पत्र त्याच्या हाती दिले.

आता आमच्या तक्त्यात प्रत्येक नावाशेजारी खातेपान क्रमांक असतो आणि त्याचेही फील्ड पत्रात असते. क्रम लावायचा झाल्यास आधी पूर्ण तक्ता निवडतो. आणि पत्रे छापून झाली की मी वाचतो व अण्णा वहीत खूण करतात. या कामी अर्धा दिवस जातो. तेवढा गेला तरी चालेल, असे आता मलाच वाटते.