भाच्याचा पहिला टँकर

आम्ही नाशिक जिल्ह्यातल्या एका दूध केंद्रावर कारकून. गेटचे रजिस्टर लिहायचे, काट्यावरच्या किलोंना १.०३ ने भागून लिटर काढायचे, सीलचे नंबर टाकायचे. अठरा वर्षे दुधाचे टँकर येताना-जाताना पाहिले. पण ते चालवायचे कसे, हा प्रश्न कधी पडला नाही. तो पडला धाकट्या बहिणीच्या मुलामुळे.

पोराने तीन वर्षे वाळूचा ट्रक चालवलेला, जड वाहनाचा परवाना रीतसर काढलेला. केंद्राला टँकरसाठी ड्रायव्हर हवा होता. आम्ही शब्द टाकला, तो लागला. बहिणीने मात्र आमच्याशी बोलणे टाकले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मुंबईकडे निघालेला दुधाचा टँकर कसारा घाटात दरीत कोसळून पाच माणसे गेली होती. ती बातमी तिने आमच्याकडूनच वाचून घेतली होती. "दादा, त्याच घाटातून जाणार ना माझं पोर?" एवढेच तिने विचारले. आम्ही पेपर घडी करत बसलो.

आमच्याकडे एक जुने ड्रायव्हर आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी पोराला एकदम रस्त्यावर नेले नाही. धुऊन ठेवलेल्या टँकरमध्ये अर्धी टाकी पाणी भरायला लावले आणि काट्यापाशी चुन्याची रेघ मारली. "गाडी रेघेवर उभी कर. भाऊसाहेब, तुम्हीपण बसा वर."

पोराने वाळूच्या गाडीसारखाच ब्रेक दाबला. गाडी बरोबर रेघेवर उभी राहिली. त्याने हसत पाय काढला, तोच मागून म्हशीने ढुशी द्यावी तसा धक्का बसला आणि गाडी हातभर पुढे सरकली. आमचा चष्मा खाली पडला.

"इथं रेघ होती," चाचा म्हणाले, "सिग्नलला मोटारसायकल असते. मागे पोरगं बसलेलं असतं."

वाळू भरली की जागेवर बसते. दूध बसत नाही. गाडी थांबली तरी ते आत पुढे धावत असते. टाकी गच्च भरली असेल तर त्याला धावायला जागा नसते. धोका खरा अर्धवट भरलेल्या टाकीचा. आम्हाला आजवर उलटेच वाटत होते, की कमी माल म्हणजे कमी धोका! पेट्रोलच्या टाकीत लाट मोडायला भोके पाडलेले आडवे पडदे असतात. आमच्या टँकरला पाच-पाच हजार लिटरचे दोन कप्पे आहेत, पण कप्प्याच्या आत पडदा नाही. कारण कोपऱ्यात दूध अडकले की धुताना निघत नाही आणि पुढचे दूध खराब होते. वळणावर हीच लाट बाजूला जाते. टाकी उंचावर, त्यामुळे गाडी कलंडते. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात शिरल्यावर नव्हे.

बाकी चाचांचे सांगणे थोडक्यात. ब्रेक लवकर आणि हळू. गाडी थांबली तरी पाय ब्रेकवरच. घाट उतरण्याआधी हवेचा काटा बघायचा आणि खालचा गिअर टाकायचा. डिझेल वाचते म्हणून कुणी कितीही सांगितले तरी उतारावर न्यूट्रल नाही. दोन तास त्यांनी पोराला त्या रेघेवर घोळवला. धक्का जाणवेनासा झाला तेव्हा बिडी पेटवली.

मग आमच्याकडे न बघताच त्यांनी विचारले, "भाऊसाहेब, उशिराचे पैसे तुम्हीच कापता ना?"

आम्हीच कापतो. मुंबईला गाडी उशिरा पोचली की ड्रायव्हरच्या हिशेबात लाल शाईने कपात. दूध चार अंशांवर थंड करून भरतात, टाकी दुहेरी भिंतीची. अर्ध्या-पाऊण तासाने त्याला काही होत नाही, हे आम्हाला चांगले माहीत. तरी कापत आलो, कारण रजिस्टरला तसा रकाना छापलेला आहे. बी.कॉम. झालो, वस्तीतल्या लोकांचे हक्काचे अर्ज लिहून दिले, आणि ही लाल शाई कुणाला घाटात पळवते ते कधी तपासले नाही.

त्याच संध्याकाळी मॅनेजरला अर्ज दिला. दूध सात हजार लिटर असेल तर दोन्ही कप्प्यांत साडेतीन-साडेतीन न भरता पुढचा कप्पा पूर्ण भरावा, म्हणजे लाट एकाच कप्प्यात आणि थोडक्या दुधाची राहील. आणि घाटासाठी पाऊण तास जादा धरावा. पहिले लगेच मान्य झाले, त्याला पैसे पडत नव्हते. दुसऱ्यावर "बघू".

पहिल्या खेपेला चाचा शेजारी बसून गेले. रात्री नऊला गाडी निघाली. बहीण आमच्याच घरी आली, न जेवता बसली. आमची बायको तिला भाकरीचा आग्रह करत होती आणि स्वतःही जेवत नव्हती. इगतपुरीहून फोन आला की चहा घेतोय, हवा बघितली, आता घाट उतरतो. त्यानंतर बराच वेळ काही नाही. कसारा ओलांडल्याचे त्याने शहापूरला थांबून कळवले. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हे त्याला बहिणीनेच बजावले होते, आणि तीच आम्हाला सारखी म्हणत होती, "लाव ना फोन!"

पहाटे पुन्हा वाजला. "मामा, जयभीम. गाडी खाली झाली."

बहिणीने फोन हातातून घेतला आणि काही न बोलता नुसता कानाला धरून ठेवला.

परतल्यावर चाचांनी गेटवर चलन पुढे केले. चाळीस मिनिटे उशीर. आम्ही वेळ खरी लिहिली, कपातीचा रकाना कोरा ठेवला. मॅनेजरने अजून विचारलेले नाही.