अजाण दान

आमच्या घरीं पुस्तकांचीं चार कपाटें आहेत, आणि विद्यार्थ्यांनीं तीं खुशाल चाळावीं असा आमचा परिपाठ आहे. नेलेल्या पुस्तकाची नोंद मात्र आम्ही एका वहींत करीत असूं. कांहीं वर्षांपूर्वीं एका अबोल विद्यार्थ्यानें मनोविकारांवरील एक पुस्तक मागितलें. "काय रे, घरीं कोणास कांहीं झालें आहे काय?" असें आम्हीं वही उघडतां उघडतां विचारलें. विचारण्यांत आस्थाच होती. पण त्याचा चेहरा उतरला. "सहज पाहत होतों, सर," असें म्हणून त्यानें पुस्तक जागेवर ठेविलें, आणि पुन्हां तो आमच्याकडे आला नाहीं. ज्ञान देण्यास आम्ही सिद्ध होतों. देतांना डोळे मिटण्याचें मात्र आम्हांस सुचलें नाहीं.

पुढें आमच्या एका गणितज्ञ स्नेह्यांनीं 'ऑब्लिव्हिअस ट्रान्स्फर' नांवाची गुप्तलेखनशास्त्रांतील एक युक्ति समजावून दिली, तेव्हां हा प्रसंग आठवला. आम्ही तिला 'अजाण दान' म्हणतों. मायकेल राबिन यांनीं ही कल्पना १९८१ मध्यें मांडली. १९८५ मध्यें ईव्हन, गोल्डराइख व लेम्पेल यांनीं तिला दिलेलें रूप असें: देणाऱ्याजवळ दोन गुपितें आहेत. घेणाऱ्यास त्यांतील हवें तें एकच मिळावें, दुसरें कळूं नये. आणि कोणतें घेतलें हें देणाऱ्यास कळूं नये.

हें घडावें कसें? १९८९ मध्यें बेलारे व मिकाली यांनीं दाखविलेली रीत थोडक्यांत सांगतों. जिची किल्ली घेणाऱ्यास ठाऊक नाहीं अशी एक संख्या देणारा जाहीर करतो. घेणारा दोन कुलपें पाठवितो. कुलूप म्हणजे येथें मोठी संख्याच. अट एवढीच कीं, दोहोंचा गुणाकार, ठरलेल्या मूळ संख्येनें भागल्यावर, त्या जाहीर संख्येइतका उरावा. हव्या त्या गुपितासाठीं घेणारा स्वतःच्या किल्लीचें कुलूप घडवितो. दुसरें अटीनेंच ठरतें, आणि त्याची किल्ली काढणें त्यास व्यवहारांत अशक्य असतें. देणारा एकेका कुलपांत एकेक गुपित घालून धाडतो. उघडतें एकच, देणाऱ्यास मात्र दोन्ही कुलपें सारखींच दिसतात.

अशा प्रत्येक दानास अवजड घातांक करावे लागत. म्हणून हीं दानें स्वस्त कशीं व्हावीं हाच पुढें मोठा प्रश्न झाला. २००३ मध्यें इशाई, किलियन, निस्सिम व पेट्रँक यांनीं दाखविलें कीं, शें-सव्वाशें अवजड दानांच्या भांडवलावर, हलक्या हिशेबानें, लाखों दानें करतां येतात. त्याचें महत्त्व असें कीं, दोघांनीं आपापलें गुपित राखून कोणताही हिशेब एकत्र करावा, यास हें एकच साधन पुरेसें आहे, असें किलियन यांनीं १९८८ मध्येंच सिद्ध केलें होतें.

गणित कोणाच्या सौजन्यावर विसंबत नाहीं. आमच्या कपाटांस ती सोय नाहीं. तेथें आमचा संयमच उपयोगी. त्या रात्रीं आम्हीं ती वही बंद केली. तेव्हांपासून दोन-चार पुस्तकें परत आलीं नाहींत, व त्याची हळहळही वाटते. पण मनोविकारांवरील तें पुस्तक आतां अधूनमधून जागेवर नसतें. कोण नेतो, हें आम्हांस ठाऊक नाहीं.